किनाऱ्याला रफू

भाऊजींची शिट्टी वाजली, की गल्लीतली कुत्रीसुद्धा रांग धरतात, असं वहिनी सगळ्यांना सांगायच्या, आणि त्यात फारशी थाप नव्हती. छत्तीस वर्षं भाऊजींनी शाळेत पोरांना कवायत शिकवली. ते निवृत्त झाले, शिट्टी झाली नाही. आता ती दर रविवारी गल्लीच्या टोकाला वाजायची, समुद्राकडे तोंड करून. ओहोटीची वेळ दर आठवड्याला बदलायची. कधी पहाटे, कधी चांगली उन्हं वर आल्यावर. पण पाणी मागे सरलं रे सरलं, की शिट्टी आलीच. मग गल्लीतून आणि मागच्या वसाहतीतून पंधरावीस माणसं जुने कपडे चढवून यायची, चपला काढायची आणि गुडघाभर चिखलात उतरून खारफुटीची रोपं लावायची. ही झाडं खाऱ्या चिखलात मुळं रोवून उभी राहतात आणि लाटेचा जोर मोडतात. पूर्वी इथे ती होती. आता नव्हती, म्हणून हा सगळा खटाटोप.

काढलेल्या चपला सांभाळायचं काम वहिनींकडे.

"हे काम कोणी ठरवलं माझं?" पहिल्याच रविवारी त्या फणकारल्या होत्या.

"डॉक्टरनं," भाऊजी म्हणाले. "नवा बसवलेला गुडघा चिखलात घालायचा नाही, असं लिहून दिलंय त्यानं. तुझ्या लेकानं मला फोनवर वाचून दाखवलं."

"गुडघा माझा आहे की लेकाचा?"

"तुझाच. म्हणून तूच त्याला घेऊन गल्लीच्या कठड्यावर बस."

बसल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सहासष्ट वर्षांच्या दिराशी किती वाद घालणार? लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या आणि हा दीर अकराचा. खिसा फाटलेला, गुडघे फुटलेले, नाक वाहतं. त्याची शाळेची चड्डी ही त्यांनी या घरात शिवलेली पहिली वस्तू. पुढे त्या शिवणावरच घर चाललं. पुढच्या खोलीत मशीन, शेजारी कापड बेतायची लांब फळी, आणि खिडकीतून समुद्र. नवरा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. तो गेल्याला बारा वर्षं झाली. मशीन अजून चालू होतं.

प्रश्न होता तो खिडकीतल्या समुद्राचा. तो जवळ येत चालला होता. वहिनींचं घर गल्लीतलं शेवटचं. आधी त्यांचं कुंपण गेलं, मग कपडे वाळत घालायचे दोन खांब गेले, मागच्या वर्षी अंगणाची पायरी गेली. आता उधाणाच्या दिवशी पाणी शिवणाच्या खोलीच्या भिंतीवर थापा मारून जायचं, ओळखीचं असल्यासारखं. लेक दूरच्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहायचा. तो म्हणाला, "आई, पुरे झालं. इकडे ये." वहिनींनी त्याच्याशी करार केला: या हंगामात लावलेल्या रोपांनी मूळ धरलं तर मी इथेच राहीन. नाही धरलं तर मशीन विकून तुझ्याकडे येईन. लेक लगेच हो म्हणाला. तो लहानपणापासून काकाला ओळखत होता, त्यामुळे आपण जिंकणार याची त्याला खात्री होती.

रोपं मोठी व्हायला वर्षं लागतील, हे वहिनींना कळत नव्हतं असं नाही. पण मूळ धरलेल्या रोपाच्या मागे माणूस वाट बघत बसू शकतं. नुसत्या चिखलासमोर काय बसणार!

पहिल्या लावणीला भाऊजींनी दोरी आणली होती. सुताची, गाठी मारलेली, हाताहाताच्या अंतरावर एकेक गाठ. एक टोक गल्लीच्या कठड्याला, दुसरं पार आत पाण्याच्या कडेला. दोरी ताणायची, गाठीखाली रोप लावायचं, दोरी उचलून पुढे न्यायची.

"एऽऽक हात अंतर! दातांचे डॉक्टर, तुमचा खड्डा बाहेर गेलाय!"

दातांचे डॉक्टर खड्डे करण्यात पटाईत होते. हातभर लांबीची टोकदार काठी घेऊन ते चिखलाला म्हणायचे, "आ करा. मोठा आ." त्यांचे खड्डे एकसारखे, गुळगुळीत. त्यांच्यामागून आडव्या बांध्याचे एक निवृत्त बसड्रायव्हर रोपांची पाटी ओढत यायचे आणि थांबताना तोंडाने ब्रेकचा आवाज काढायचे.

चारशे रोपं लागली. कठड्यावरून बघितलं तर काय देखणा देखावा होता! दहा सरळ रांगा, गल्लीपासून समुद्रापर्यंत, जशी काही एखादी शाळा पाहुण्यांसमोर उभी आहे. पाहुणे गल्लीच्या बाजूला उभे राहणार, म्हणून रांगा गल्लीकडे तोंड करून. भाऊजींच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत पाहुणे नेहमी समोरच बसलेले असायचे. मागून कोणी येईल ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात नव्हती.

समुद्र मागून आला. पौर्णिमेच्या उधाणाने चारशेपैकी बावीस ठेवली.

"काठ्या बांधायला हव्या होत्या," भाऊजी म्हणाले. दुसऱ्या खेपेला प्रत्येक रोपाला काठी बांधली. समुद्राने ती रोपं काठ्यांसकट नेली.

मग वनखात्याची अधिकारी आली. तिशीची, रबरी बूट घातलेली, मोजकं बोलणारी मुलगी. रोपं तिच्याच रोपवाटिकेतून यायची. तिने चिखलाकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, ही शेवटची तीनशे. पुढच्या महिन्यात उधाण होऊन गेलं की मी येते. निम्मी उभी असली तर आणखी पाचशे देईन. नाहीतर रोपं दुसरीकडे पाठवावी लागतील. समुद्र तिथेही आहे."

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. वहिनी चपला जोड्या-जोड्यांनी लावत राहिल्या.

त्या आठवड्यात भाऊजी त्यांच्याकडे आपली चिखलातली पँट घेऊन आले. काठीत अडकून मांडीपाशी वीतभर फाटली होती.

"वहिनी, एवढी शिवून टाक. सरळ टीप मार, झालं."

"सरळ टीप मारली तर चार दिवसांत बाजूला फाटेल. रफू करते. बसा."

भाऊजी बसले. वहिनींनी चष्मा चढवला, सुई ओवली. दोनचार टाके झाले आणि त्यांचा हात थांबला.

"भाऊजी, कठड्यावर बसून मला एक दिसलंय. सांगू का?"

"चपला हरवल्या कोणाच्या?"

"चेष्टा करू नका. भरतीचं पाणी आत येतं ना, ते तुमच्या दोन रांगांच्या मधून येतं. धावत. मधली सुट्टी झाल्यावर पोरं व्हरांड्यातून सुटतात, तसं. त्याला अडवायला कोणी नाही, तुम्ही वाटा आखून दिल्यात. त्यातून एखादं पोतं नाहीतर शेवाळाचा गठ्ठा वाहत आला की एका टोकाकडून सुरू करतो आणि अख्खी रांग आडवी करत जातो."

"रांगा नकोत तर काय, जत्रा भरवू?"

"हे बघा." वहिनींनी पँट त्यांच्या मांडीवर पसरली. "रफू भोकाच्या मधोमध सुरू करत नाहीत. भोकाबाहेरचं, चांगलं धडधाकट कापड असतं, तिथून सुरू करायचं. आणि धागा सरळ जात नाही. एका ओळीत जिथे वरून गेला, तिथे पुढच्या ओळीत खालून. एकाची फट दुसऱ्यानं झाकायची. म्हणजे कुठूनही ओढलं तरी ताण वाटला जातो."

"कापड आणि समुद्र एक का, वहिनी?"

"मला समुद्रातलं कळत नाही. पण ओहळाच्या तोंडाशी ते एक जुनं झाड उरलंय ना, त्याच्या आजूबाजूला आपोआप आलेली पोरं बघितलीत कधी? एक तरी रांगेत आहे? सगळी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. ती का नाही वाहून जात?"

ते झाड भाऊजींना माहीत होतं. नवी नवरी असताना वहिनींनी पाहिलेलं रान त्यांनीही पाहिलं होतं. तेव्हा इथून समुद्र दिसायचाच नाही, नुसता ऐकू यायचा. खारफुटी इतकी दाट, की आत शिरता शिरता भरती दमून जायची. सासूबाई आणि वहिनी चुलीसाठी तिची लाकडं तोडायच्या. आधी वाळकी तोडली, मग ओली. सगळी गल्लीच तोडायची. मग पलीकडे बंगले झाले, बंगल्यांतल्या लोकांना समुद्र दिसायला हवा होता, आणि उरलेलं रानही गेलं. वहिनी ते कधी लपवायच्या नाहीत. "चांगला जाळ व्हायचा हो," असं म्हणायच्या.

"शंभर तुझी," शेवटी भाऊजी म्हणाले. "दोनशे माझी, माझ्या पद्धतीनं. उधाण ठरवेल."

"दीडशे दीडशे."

"वहिनी, शंभर. आणि तू चिखलात उतरायचं नाही."

"मग माझी लावणार कोण?"

"दातांचे डॉक्टर देतो. आणि ड्रायव्हर."

रविवारी वहिनी कठड्यावरून ओरडून सांगायला लागल्या. "डावीकडे! नाही, तुमच्या डावीकडे! झाडाच्या जवळ! त्या दोघांच्या मधल्या फटीसमोर!" वारा समोरून. दातांच्या डॉक्टरांना अर्धं ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं त्यावर विश्वास बसायचा नाही. रांगेची सवय लागलेला हात आपसूक सरळ जायचा. अर्ध्या तासात वीस रोपं लागली आणि वीसच्या वीस एका ओळीत.

"अहो, ही टीप मारलीत! उसवा!"

"काय करू?"

"उपटा म्हणतेय!"

मग वहिनी उठल्या, घरात गेल्या, आणि आतून काहीतरी सरकवल्याचा, आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने दारातून कापड बेतायची फळी बाहेर आली. सहा फूट लांब, हात फिरून फिरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. मागून वहिनी तिला ढकलत होत्या.

"ड्रायव्हर, इकडे या. ही चिखलावर टाका."

ड्रायव्हरनी टाकली. फळी रुतली नाही, तरंगल्यासारखी राहिली.

"आता मला हिच्यावर बसवा. पाय वर. चिखलात न उतरता मी चिखलात जाणार. डॉक्टरचा शब्दही मोडत नाही."

"वहिनी!" भाऊजी लांबून ओरडले. "खाली ये! म्हणजे वर जा!"

"तुम्ही तुमच्या रांगा बघा, भाऊजी!"

ड्रायव्हरनी फळीला दोर बांधला, तोंडाने गिअर टाकला आणि ओढायला लागले. फळी सप्कन निघाली. वहिनी दोन्ही हातांनी कडा धरून, पदर खोचून, ताठ बसलेल्या. चिखल दोन्ही बाजूंनी उडत होता. सगळी मंडळी हातातली कामं टाकून बघत राहिली. कोणीतरी शिट्टीही मारली, आणि ती भाऊजींची नव्हती.

झाडाजवळ पोहोचल्यावर त्यांनी हात वर करून फळी थांबवली. जुन्या झाडाची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली, त्यांच्यामध्ये चारपाच नवी रोपं आपोआप उगवलेली. इथे कापड धडधाकट होतं. त्यांनी पहिलं रोप हातात घेतलं, मुळाची माती सांभाळून खड्ड्यात सोडलं आणि बोटांनी चिखल दाबला. शिवणात कापड दाबतात तसा, अंगठ्याने. मग पुढचं त्याच्या थोडं पुढे, थोडं बाजूला. मग त्या दोघांच्या फटीसमोर तिसरं. दातांचे डॉक्टर खड्डे पाडत होते, ड्रायव्हर फळी वीतभर सरकवत होते. "पुढे घेऊ?" "घ्या." "थांबू?" "थांबा हो, पुलावर नाही चढत आपण."

पाणी परत यायच्या आत शंभर लागली. कठड्यावरून बघितलं तर दृश्य भयंकर होतं. कोंबड्यांनी उकरल्यासारखं.

"हे बघून माझे विद्यार्थी काय म्हणतील?" भाऊजींनी कपाळाला हात लावला. त्यांची दोनशे, दोन पावलांवर, सूत धरून उभी होती.

पुढचं उधाण तीन दिवस चाललं. दुपारी भरती चढायची तेव्हा वहिनी शिवणाच्या खोलीत मशीन बंद करून खिडकीशी बसायच्या. बाहेर सगळं पांढरं आणि करडं. भिंतीवर पाण्याच्या थापा. एकदा दाराच्या फटीतून पाण्याची जीभ आत आली आणि त्यांनी पोतेरं टाकलं. लेकाचा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "काही नाही रे, थोडी सर्दी आहे हवेत." रोपं दिसत नव्हती. दिसणारच नव्हती.

चौथ्या दिवशी ओहोटीला मंडळी जमली. शिट्टी वाजली नाही. भाऊजी आधीच चिखलात उभे होते, हात मागे बांधून.

त्यांच्या दोनशेपैकी एकतीस उरली होती. वहिनींच्या शंभरपैकी शहाऐंशी.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि म्हणाले, "एकशे सतरा. निम्मी म्हणजे दीडशे हवीत. तेहतीस कमी पडतात."

वहिनींना हे कठड्यावर ऐकू आलं. आपलं बरोबर निघालं याचा आनंद अजून पुरता वर यायचा होता, त्याच्या आधीच तो खाली बसला. उद्या ती मुलगी येणार होती. मशीन विकत घेणारा माणूस कोण असेल, असा एक उगीच विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

आणि भाऊजी वहिनींच्या त्या कोंबड्यांनी उकरल्यासारख्या दाटीत वाकून काहीतरी बघत होते. बराच वेळ वाकून होते.

"अहो भाऊजी, कंबर धरली का?"

त्यांनी हात वर केला. हातात एक रोप होतं. काठी बांधलेलं, मुळाला अजून मातीचा गड्डा असलेलं, पानं जरा मळलेली पण हिरवी.

"हे माझं आहे," ते म्हणाले. मग परत वाकले. "हेही माझंच. हेही. वहिनी, माझी पोरं पळून तुझ्याकडे आलीत!"

समुद्राने भाऊजींच्या रांगांतून उपटलेली रोपं बाहेर नेताना वहिनींच्या दाटीत अडकवून ठेवली होती. शेवाळात गुंतलेली, एकमेकांवर पडलेली. तासभर सगळे ओंजळी घालून चिखल चाळत होते. मुळं तुटलेली, वाळलेली वेगळी काढली. जगतील अशी एकेचाळीस निघाली.

"कुठे लावायची?" दातांच्या डॉक्टरांनी भाऊजींना विचारलं.

भाऊजींनी वळून कठड्याकडे बघितलं. "त्यांना विचारा," ते म्हणाले. थोडं थांबून स्वतःच गेले, फळी आणली, आणि त्या दिवशी दोर ड्रायव्हरच्या हातात दिला नाही.

दुसऱ्या दिवशी अधिकारी मुलगी बूट घालून आली. तिने आधी उजवीकडे बघितलं, तिथे एकतीस रोपं एकटी एकटी उभी होती, दात पडलेल्या फणीसारखी. मग डावीकडे बघितलं. कपाळाला आठी पडली.

"हे असं वाकडंतिकडं कोणी लावलंय?"

भाऊजी सावधानमध्ये उभे होते. छत्तीस वर्षं याच एका प्रश्नाच्या भीतीने त्यांनी दोऱ्या ताणल्या होत्या.

"आम्ही," ते म्हणाले. "मुद्दाम."

मुलगी चिखलात उतरली. रोपांच्या मधून चालायला गेली तर सरळ वाट सापडेना. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. एका रोपाला तिने दोन बोटांनी धरून हळूच ओढून पाहिलं. ते आलं नाही. मग शेजारचं ओढलं, ते थोडं हललं.

"हे कालचं आहे."

"कालचं आहे," भाऊजी म्हणाले. "उधाणातून एकशे सतराच उभी राहिली. ही एकेचाळीस वाहून आलेली आम्ही काल परत लावली. खोटं नाही सांगणार. नियमात बसत नसेल तर तसं लिहा."

कठड्यावर वहिनींनी डोळे मिटले. असा हा माणूस. परीक्षेत शेजारचा उत्तर सांगत होता तर यानं कान झाकून घेतले होते आणि नापास होऊन घरी आला होता.

मुलगी जुन्या झाडापर्यंत गेली, तिथे उभी राहून तिने दोन्ही बाजूंचे फोटो काढले, एक रांगांचा, एक गोंधळाचा. परत येऊन कठड्याला टेकली, बुटांतलं पाणी ओतलं.

"नियमात एकेचाळीस धरता येणार नाहीत," ती म्हणाली. "पण शंभरात शहाऐंशी टिकली, असं या पट्ट्यात दुसरीकडे कुठेच झालेलं नाही. मी तसंच लिहिते. पाचशे पाठवते. फक्त सर, दोरी आणू नका."

"दोरी नाही," भाऊजी म्हणाले.

ती गेली. गाडी वळली, तशी ड्रायव्हरनी एकदम लांबलचक हॉर्न तोंडाने वाजवला आणि कोण काय बोलतंय ते कोणालाच कळेना. वहिनींनी फोन काढून लेकाला लावला. "हॅलो. मी. नाही, येत नाहीये. अरे, काकाला दे दोष, मला काय विचारतोस?"

फोन ठेवला तर समोर भाऊजी उभे. चिखल कंबरेपर्यंत.

"वहिनी, पाचशे कुठून सुरू करायची?"

वहिनींनी झाडाकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं, आपल्या गेलेल्या पायरीच्या जागेकडे बघितलं. सांगायचं त्यांना माहीत होतं. पण पंचावन्न वर्षांत या दिराने त्यांना पहिल्यांदा असं काही विचारलं होतं, आणि एवढ्या पटकन उत्तर द्यायची त्यांची तयारी नव्हती.

"आधी चहा," त्या म्हणाल्या.

"सांगतो कोणाला तरी."

"कोणाला तरी नाही. तुम्ही करा. साखर कुठल्या डब्यात ते शोधा. मग बघू."

भाऊजी पाय धुवायला नळाकडे गेले.